गायरान, हौद आणि हिरवळ : गावाने उभारलेल्या मैदानांविषयीचे गैरसमज

कारखान्यांचा पट्टा पडला की बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली गावे पुन्हा भरू लागतात. दिवाळीच्या आगेमागे कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या परत येतात, घरांची कुलपे निघतात आणि चैत्र-वैशाखात जत्रा सुरू होतात. जत्रेत दुपार कलली की हलगी कडाडते आणि माणसे फडाभोवती गोल धरून बसतात. आधी पोरांच्या रेवड्यांवरच्या, नारळावरच्या कुस्त्या होतात. मग शंभराची, पाचशेची, हजाराची जोड लागते आणि दिवस मावळताना शेवटची मोठी कुस्ती सुटते. हा फड कुठल्याही ठेकेदाराने बांधलेला नसतो. गावानेच जमीन नांगरलेली असते, ढेकळे फोडलेली असतात, खडे वेचलेले असतात आणि इनामाची रक्कम घरटी पट्टी बसवून जमवलेली असते.

बीड जिल्ह्याला खेळाचे मैदान म्हणजे काय हे कुणी बाहेरून येऊन शिकवण्याची गरज नाही. तरीही मैदानाचा विषय निघाला की आपण काही ठरलेली वाक्ये बोलतो: जमीन नाही, पाणी नाही, पैसा नाही, आणि खेळ हे शहरातल्या श्रीमंतांचे चोचले. ही वाक्ये इतकी अंगवळणी पडली आहेत की ती खरी आहेत का, हे तपासायचे राहून जाते. म्हणून ती एकेक करून तपासून पाहू. सुरुवात बीडपासून सर्वांत लांबच्या वाटणाऱ्या खेळापासून करू. तो खेळ गोल्फ.

गैरसमज १ : गोल्फसारखी मैदाने साहेबांनी स्वतःसाठी केली. त्यांचा सामान्य गावाशी काही संबंध नाही.

वस्तुस्थिती : भारतात हा खेळ साहेबांबरोबर आला, हे खरे. कोलकात्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा आहे आणि ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना मानला जातो. मुंबईत १८४२ मध्ये क्लब निघाला. लष्करी छावण्या आणि क्लब यांच्या भिंतींआड तो वाढला, त्यामुळे आपल्या मनात त्याचे चित्र तसेच उमटले.

त्याचे मूळ मात्र गायरानात आहे. स्कॉटलंडमधले सेंट अँड्र्यूज हे समुद्रकाठचे छोटे गाव. गावाला लागून वाळूमिश्रित, नांगराला दाद न देणारी, खुरट्या गवताची जमीन होती. तिथे मेंढरे चरत, ससे बिळे करत, बाया कपडे वाळत घालत आणि माणसे काठीने चेंडू टोलवत. पंधराव्या शतकात हा खेळ इतका बोकाळला होता की तिरंदाजीच्या सरावाकडे लोकांचे दुर्लक्ष होते म्हणून १४५७ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने त्यावर बंदी घातली. पुढे १५५२ मध्ये तिथले आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांना सनदेने ससे पाळण्याची मुभा मिळाली. त्याच सनदेत त्या जमिनीवर गोल्फ, फुटबॉल आणि इतर खेळ खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क लिहून ठेवला गेला. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध गोल्फ मैदानाचा पाया असा चराऊ जमिनीवरच्या गावाच्या हक्कात आहे.

आजही ते मैदान खासगी क्लबच्या मालकीचे नाही. सार्वजनिक न्यास ते चालवतो, गावातल्या रहिवाशांना वर्षाचा पास बाहेरच्यांच्या मानाने फारच स्वस्तात मिळतो. रविवारी तिथल्या जुन्या मैदानावर सहसा खेळ होत नाही. त्या दिवशी गावकरी मुलाबाळांसह तिथे फिरायला येतात.

गैरसमज २ : मैदान म्हणजे हिरवळ, आणि हिरवळीला पाणी हवे. दुष्काळी जिल्ह्याने मैदानाचा नाद सोडलेला बरा.

वस्तुस्थिती : उन्हाळ्यात हिरवे ठेवलेले अठरा होलचे गोल्फ मैदान दिवसाला लाखो लिटर पाणी पिऊ शकते. ज्या जिल्ह्यात टँकरची वाट बघत हंडे रांगेत लावावे लागतात, तिथे अशा मैदानाची मागणी कुणी करू नये, हे निर्विवाद आहे. शेजारच्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे या भागातला माणूस विसरलेला नाही.

पण हिरवळ म्हणजेच मैदान ही समजूत चुकीची आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात कूबर पेडी नावाचे ओपल रत्नांच्या खाणींचे गाव आहे. तिथे वर्षाला जेमतेम दीडशे मिलिमीटर पाऊस पडतो. बीडचा पाऊस लहरी असला तरी सरासरीने त्याच्या चौपट भरतो. कूबर पेडीची उष्णता अशी की अनेक माणसे जमिनीखाली कोरलेल्या घरांत राहतात. त्या गावाने गोल्फचे मैदान उभारले आहे आणि त्यावर गवताची काडी नाही. चेंडू जिथे छिद्रात घालायचा ती जागा तेल मिसळलेल्या वाळूची आहे. खेळाडू कृत्रिम गवताचा एक तुकडा सोबत बाळगतो, तो जमिनीवर ठेवतो आणि त्यावरून चेंडू टोलवतो. भारतातल्या जुन्या गोल्फ मैदानांवरही अनेक ठिकाणी अशाच वाळूच्या जागा असत.

आपल्याकडे तर हे ज्ञान मुरलेले आहे. तालमीच्या हौदात गवत नसते, तांबडी माती असते. ती चाळून घेतात, तिच्यात ताक, हळद, तेल, लिंबू, कापूर, काव घालतात आणि खोऱ्याने उकरून ती मऊ ठेवतात. रोजच्या शिंपडीला पाणी लागते ते बादलीच्या हिशेबात. खो-खो, कबड्डी, कुस्ती, मल्लखांब हे सगळे खेळ मातीवर वाढले. कमी पाण्याच्या मुलखात कोणते मैदान शोभते, याचे उत्तर आपल्या पूर्वजांनी कधीच देऊन ठेवले आहे.

गैरसमज ३ : मैदानाला एकरच्या एकर जमीन लागते. ती आता कुठून आणायची?

वस्तुस्थिती : अठरा होलच्या गोल्फला साधारण शंभर ते दीडशे एकर जमीन लागते. पूर्ण मापाचे फुटबॉल मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते, म्हणजे पावणेदोन एकर. इथपर्यंतचे आकडे ऐकले की गावची माणसे मान हलवतात. पुढचे आकडे मात्र सहसा कुणी सांगत नाही.

खो-खोचे मैदान २७ मीटर बाय १६ मीटर असते. हे सव्वाचार गुंठे झाले. भोवती मोकळी जागा धरली तरी सहा-सात गुंठ्यांत काम भागते. कबड्डीचे मैदान १३ बाय १० मीटर, म्हणजे जेमतेम सव्वा गुंठा. कुस्तीची पूर्ण मापाची गादी १२ बाय १२ मीटर, ती दीड गुंठ्यात बसते. हे तिन्ही खेळ शेजारी-शेजारी मांडले तरी अर्धा एकर पुरतो. म्हणजे मैदानाचे घोडे जमिनीच्या आकारावर अडत नाही. उपलब्ध अर्धा एकर मैदान म्हणून कागदावर नोंदलेला आहे का आणि तो तसाच राखला जातो का, यावर ते अडते.

गैरसमज ४ : तालमी आणि आखाडे राजेरजवाड्यांनी बांधले. राजाश्रय गेला आणि तो काळही संपला.

वस्तुस्थिती : राजाश्रयाचा वाटा मोठा होता, यात शंका नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ मध्ये युरोपात रोमचे भव्य प्रेक्षागार पाहिले आणि त्या धर्तीवर कोल्हापूरचे खासबाग मैदान उभे राहिले. ते १९१२ मध्ये पूर्ण झाले. पण मराठवाडा त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. इथल्या गावांना शाहू महाराज लाभले नव्हते. तरी इथल्या गावांत कुस्ती जगली, ती मारुतीच्या देवळाशेजारच्या खोलीत, वस्तादाच्या शब्दावर आणि लोकवर्गणीवर.

राजाश्रयाच्या मुलखातही निकराच्या वेळी माणसेच कामी आली. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासाचा खर्च भागवण्यासाठी गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली होती आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. पदक घेऊन परतलेल्या खाशाबांची मिरवणूक कराड स्टेशनापासून बैलगाड्यांच्या रांगेतून निघाली. वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाचा त्या पदकात वाटा होता, आणि तो त्यांनी रस्त्यावर उतरून साजराही केला.

संस्थांचेही तसेच. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये स्थापन झाले आणि लोकांच्या बळावर वाढले. त्याच्याच पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखवली. राजाश्रय गेला म्हणून काळ संपला असे म्हणताना लोकाश्रयाचा हा सगळा इतिहास आपण पुसून टाकतो.

गैरसमज ५ : गायरान म्हणजे पडीक जमीन. ती कुणाचीच नाही, मग कशालाही वापरा.

वस्तुस्थिती : गायरान कुणाचेच नसते हे खोटे आहे. ते सगळ्यांचे असते, आणि सर्वांत जास्त त्याचे, ज्याच्याकडे दुसरे काहीच नाही. महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेने गावच्या गुरांची मोफत चराई, स्मशान, खळी, बाजार अशा सार्वजनिक कामांसाठी जमिनी राखून ठेवण्याची तरतूद केली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग खटल्यातील निकालात गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्यासाठी राज्यांनी योजना कराव्यात, असे बजावले. भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना रीतसर दिलेल्या जमिनींचा अपवाद त्याच निकालात मान्य केला आहे.

मराठवाड्यात हा अपवाद फार महत्त्वाचा आहे. इथल्या भूमिहीन दलित कुटुंबांनी गायरानाचा माळ फोडून त्यातून भाकरी उभी केली आणि त्यासाठी दादासाहेब गायकवाडांच्या काळापासून मोठे लढे दिले. त्यामुळे मैदानाची मागणी करताना हात कुणाच्या भाकरीवर पडत नाही ना, हे आधी पाहिले पाहिजे. गरिबाचा तुकडा काढून घेऊन केलेले मैदान गावाचे होत नाही.

सामायिक जमीन एकदा गेली की परत मिळवायला किती पिढ्या जातात, हेही सेंट अँड्र्यूजच्या इतिहासात दिसते. १७९७ मध्ये तिथल्या नगरपरिषदेची तिजोरी रिकामी झाली आणि तिने ती जमीन ससे पाळणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हाती जाऊ दिली. ससे पाळणारे आणि खेळणारे यांच्यात वर्षानुवर्षे भांडणे आणि दावे चालले. १८२१ मध्ये एका स्थानिक जमीनदाराने ती खरेदी करून खेळासाठी राखली. गावाला ती कायद्याने परत विकत घेता आली ती १८९४ मध्ये, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी. एका वर्षाच्या पैशाच्या अडचणीची किंमत गावाने शतकभर मोजली.

गैरसमज ६ : आपली तालीम पूर्वीपासून सगळ्यांची होती.

वस्तुस्थिती : हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण पूर्ण खरे नाही. तालमीत धर्म विसरून एकाच मातीत घाम गाळणारी पोरे होती, हिंदू वस्तादाचे मुसलमान पठ्ठे आणि मुसलमान वस्तादाचे हिंदू पठ्ठे होते, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण जात पाहून हौदात उतरू देणाऱ्या तालमीही होत्या. आणि गावाची निम्मी माणसे, म्हणजे बाया-मुली, हौदाच्या उंबऱ्याबाहेरच राहिल्या. वर्गणीच्या पट्टीत त्यांच्या घराचे नाव होते, पण मातीवर त्यांचे पाऊल नव्हते.

महाराष्ट्र केसरी ही स्पर्धा १९६१ पासून होते. महिलांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा पहिल्यांदा झाली ती २०२३ मध्ये, सांगलीला, आणि प्रतीक्षा बागडी पहिली विजेती ठरली. मधली बासष्ट वर्षे मुलींच्या अंगात बळ नव्हते म्हणून गेली नाहीत. दार बंद होते म्हणून गेली. दार उघडल्यावर काय होते हेही आपण पाहिले आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारतीय महिला संघाने अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले. त्या संघाची कर्णधार प्रियंका इंगळे, मूळची केज तालुक्यातल्या कळंब अंबा गावची.

गैरसमज ७ : सोयी नसल्या तरी जिद्द पुरते. बीडच्या पोरांनी ते दाखवून दिले आहे.

वस्तुस्थिती : हा सर्वांत घातक गैरसमज आहे, कारण तो कौतुकाच्या वेषात येतो. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे वीटभट्टीवर आणि शेतात राबणाऱ्या आई-वडिलांचा मुलगा. शाळेसाठी तो रोज काही किलोमीटर पायी जात, पळत असे. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक घेतले, २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण, आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. ही गोष्ट सांगताना आपण शाळेच्या वाटेवर थांबतो आणि म्हणतो, बघा, काही नसताना केले.

पण स्टीपलचेसच्या शर्यतीत २८ वेळा अडथळा ओलांडावा लागतो आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा. असा खड्डा मांडव्याच्या माळावर नव्हता. अविनाश सैन्यात भरती झाला, महार रेजिमेंटमध्ये गेला, तिथे त्याचे पळणे कुणाच्या तरी नजरेत आले, त्याला मार्गदर्शक मिळाला, धावपट्टी मिळाली, आहार मिळाला. त्यानंतर तो स्टीपलचेसचा धावपटू झाला. पाटोद्याचा राहुल आवारे कुस्तीच्या घरात जन्मला, पण २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतले सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेतले कांस्य त्याने मिळवले ते पुण्याच्या तालमीत वर्षानुवर्षे घडल्यावर. प्रियंकाचा खेळही पुणे परिसरातल्या मैदानावर फुलला.

बीडच्याच मातीत क्रिकेट शिकलेल्या सचिन धसने २०२४ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात चार गडी ३२ धावांत गेले असताना ९६ धावा काढल्या. रोज सरावाला जागा आणि लक्ष घालणारा मार्गदर्शक गावातच मिळाला तर काय होऊ शकते, याचा हा दाखला आहे.

जिद्द या पोरांची होतीच. पण जी पोरे बाहेर जाऊ शकली नाहीत, ज्यांना आई-बापांबरोबर ऊसाच्या फडावर जावे लागले, त्यांचीही जिद्द कमी नव्हती. त्यांना मैदान मिळाले नाही, म्हणून त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत.

गैरसमज ८ : एकदा बांधकाम झाले की मैदान झाले.

वस्तुस्थिती : हौदाची माती आठ दिवस उकरली नाही तर ती आवळून दगडासारखी होते आणि पडणाऱ्याचे हाड मोडते. खो-खोचे मैदान पावसाळ्यानंतर चोपले नाही तर त्यावर गवत आणि काटे माजतात. खांब रोवला पण त्याला पकडून वळणारी पोरे नसली तर तो गुरे बांधायच्या कामी येतो. राज्यात तालुका आणि जिल्हा पातळीवर क्रीडा संकुलांची योजना आहे, व्यायामशाळेसाठी अनुदानाची सोय आहे, आणि या सोयी गावांनी हक्काने मागितल्या पाहिजेत. पण अनुदानातून भिंत आणि छप्पर येते. पहाटे पाचला दार उघडणारा वस्ताद, पोरांना घेऊन येणारी शिक्षिका आणि दर आठवड्याला खोरे हातात घेणारी चार माणसे गावालाच द्यावी लागतात.

कूबर पेडीचे गवताविना मैदान आणि सेंट अँड्र्यूजचे पाचशे वर्षांचे गायरान यांत साम्य एकच आहे: दोन्ही ठिकाणी लोक तिथे जात राहिले. वापरातल्या जागेवर कुणाला सहज हात टाकता येत नाही. ओस पडलेल्या जागेवर मात्र आधी उकिरडा येतो, मग टपरी येते आणि शेवटी कुणाचे तरी कुंपण येते.

या सगळ्यातून निघणारी गोष्ट साधी आहे. मैदान उभे करायला पैसा लागतो, पण ते टिकते लिहिलेल्या हक्कावर आणि रोजच्या पायांवर. आपल्या गावात वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात. पुढच्या सभेला जा आणि तीन प्रश्न विचारा. गावच्या मैदानाचा गट नंबर कोणता? सातबाऱ्यावर त्याची नोंद काय आहे? आणि तिथे मुलींना खेळायची वेळ कोणती? तिन्ही उत्तरे ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून इतिवृत्तात लिहून घ्या. मग संध्याकाळी खोरे घेऊन तिकडे जा, आणि जाताना आपल्या घरातल्या मुलीला सोबत न्या.